छापील संदर्भग्रंथांचा संच घरी आणताना: निवड, तपासणी, मांडणी आणि वापर

जुन्या कोशांचे बहुखंडी संच हौसेने विकत घेणारे वाचक बहुधा एकाच पद्धतीने चुकतात. ते आधी संच घेतात, घरी आणल्यावर खंड मोजतात, त्यानंतर जागा शोधतात, आणि संच काचेच्या कपाटात गेला की तो कसा वापरायचा हे शिकायचे राहूनच जाते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर कपाट उघडावे तर खंडांना कुबट वास येत असतो आणि पाने एकमेकांना चिकटलेली असतात.

महाराष्ट्र शब्दकोश, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश हे सारे आज संगणकावर पाहता येतात. त्यामुळे केवळ माहितीसाठी छापील संच घेण्याची सक्ती कोणावर राहिलेली नाही. तरीही टेबलावर तीन खंड एकाच वेळी उघडे ठेवून एका शब्दाचा माग काढण्यात, आणि हवी ती नोंद शोधता शोधता तिच्या शेजारची न मागितलेली नोंद वाचून काढण्यात जे सुख आहे ते पडद्यावर मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सुख पदरात पडावे म्हणून कामे कोणत्या क्रमाने करावीत, ते पुढे दिले आहे.

टप्पा १: आधी प्रश्न, मग ग्रंथ

खरेदीला निघण्यापूर्वी महिनाभर एक लहान वही जवळ ठेवावी आणि वाचताना जिथे जिथे अडायला होते तो प्रश्न तिच्यात लिहावा. शब्दाचा अर्थ, बोलीतले रूप, एखाद्या व्यक्तीचा काळ, व्रत किंवा सण, संस्कृत समास, शास्त्रातली संज्ञा, जे असेल ते. महिन्याच्या शेवटी ही यादी चाळली की आपल्याला कोणत्या जातीचा ग्रंथ हवा आहे ते आपोआप दिसते.

प्रश्न बहुतांशी मराठी शब्दांचे असतील तर य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र शब्दकोश आणि जोडीला मोल्सवर्थ घ्यावा. यादवकालीन आणि महानुभावीय मराठीत अडत असाल तर शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश लागेल. पौराणिक आणि ऐतिहासिक व्यक्तींसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६) असे तीन स्वतंत्र चरित्रकोश आहेत. चालीरीती, क्षेत्रे आणि दैवते यांच्यासाठी पं. महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश, तर आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांच्यासाठी पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास. काण्यांचा मूळ ग्रंथ इंग्रजीत असून त्याच्या तळटिपांत संस्कृत उतारे खच्चून भरलेले आहेत, हे ध्यानात ठेवूनच तो घ्यावा.

पहिला संच शब्दकोशाचा असावा असा माझा आग्रह आहे. शब्दकोश रोज उघडला जातो, आणि रोज उघडल्या जाणाऱ्या ग्रंथावरच संदर्भ पाहण्याची सवय बसते.

*पडताळा:* वहीतले निम्मे प्रश्न तरी ज्या ग्रंथाने सुटणार नाहीत, तो ग्रंथ कितीही स्वस्त मिळत असला तरी तूर्त घेऊ नये.

टप्पा २: संचाचा नकाशा कागदावर काढणे

सर्वांत जास्त फसगत इथे होते. संचात खंड किती, त्यांतले कोणते दोन भागांत बांधलेले, पुरवणी आहे का आणि ती कधी निघाली, हे सारे एका कागदावर उतरवल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. नेहमी चकवणाऱ्या काही जागा पुढीलप्रमाणे आहेत.

महाराष्ट्र शब्दकोशाचे मूळ सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० मध्ये आली. सात खंड म्हणजे पूर्ण संच, असे विक्रेता प्रामाणिकपणे सांगतो आणि आपणही ते मान्य करतो. पुरवणी मात्र मागे राहते.

काण्यांचा ग्रंथ पाच खंडांचा म्हणून ओळखला जातो, पण दुसरा आणि पाचवा खंड दोन-दोन भागांत आहेत. पहिल्या खंडाची मूळ आवृत्ती १९३० ची. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती पुढे दोन भागांत निघाली. म्हणजे ही दुसरी आवृत्ती धरली तर पाच खंडांसाठी आठ पुस्तके हातात आली पाहिजेत. पाच पुस्तके मोजून पैसे देणारा वाचक तीन पुस्तके गमावतो.

केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस विभाग आहेत. त्यांतले पहिले पाच प्रस्तावनाखंड असून ते विषयवार लिहिलेले आहेत. अकारविल्हे नोंदी सहाव्या विभागापासून सुरू होतात. हे ठाऊक नसल्यामुळे, पहिल्या विभागात ‘अ’ दिसत नाही म्हणून संच अपुरा ठरवून परत करणारेही असतात.

मराठी विश्वकोशात परिभाषासंग्रहाचा खंड आधी, म्हणजे १९७३ मध्ये, आणि संहितेचा, म्हणजे मुख्य नोंदींचा, पहिला खंड त्यानंतर १९७६ मध्ये निघाला. तेव्हा प्रकाशनवर्षांवरून खंडांचा क्रम लावू नये. संस्कृतिकोशाचे दहा खंड १९६२ ते १९७९ असे सतरा वर्षे निघत राहिले. त्यामुळे जुन्या संचात एक खंड पहिल्या आवृत्तीचा आणि दुसरा पुनर्मुद्रणाचा, अशी सरमिसळ आढळते. ती दोष मानू नये, पण कागदावर तिची नोंद करावी.

नावांच्या सारखेपणानेही घोटाळे होतात. संस्कृत-इंग्रजी कोश वामन शिवराम आपटे यांचा आणि मराठी शब्दरत्नाकर वासुदेव गोविंद आपटे यांचा. वामनरावांच्या मोठ्या कोशाची मूळ आवृत्ती १८९० ची, प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी वाढवलेली तीन खंडांची आवृत्ती पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने १९५७ ते १९५९ मध्ये काढली. आणि वामनरावांचाच विद्यार्थ्यांसाठीचा लहान कोश वेगळा. मोल्सवर्थच्या बाबतीत १८३१ ची पहिली आणि १८५७ ची दुसरी आवृत्ती यांत फरक आहेच, शिवाय बाबा पदमनजी यांनी केलेला त्याचा संक्षेपही बाजारात मोल्सवर्थ याच नावाने फिरतो.

*सावधान:* मुद्रणवर्ष आणि आवृत्तीवर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात १९७५ मध्ये छापलेला मोल्सवर्थ हा १८५७ च्या आवृत्तीचेच पुनर्मुद्रण आहे. साल नवे दिसते म्हणून मजकूर सुधारलेला असेल असे समजू नये. शीर्षकपृष्ठ आणि त्याची मागची बाजू, दोन्ही वाचल्यावरच आवृत्ती ठरवावी.

टप्पा ३: दुकानात तपासणी

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात, मुंबईत हुतात्मा चौकाच्या पदपथावर किंवा एखाद्या जुन्या वाड्यातल्या घरगुती संग्रहात, कुठेही संच पाहायला जाताना चार वस्तू जवळ असाव्यात: विजेरी, शिसपेन्सिल, कोरडे फडके आणि आपण काढलेला नकाशा. बसायला जागा मागून घ्यावी. मोठ्या संचाच्या तपासणीला दोन तास लागले तरी ते जास्त नव्हेत, आणि जो विक्रेता तेवढा वेळ देत नाही त्याच्याकडून संच घेऊ नये.

तपासणी पुढील क्रमानेच करावी, कारण पहिल्या दोन पायऱ्यांवर संच नापास झाला तर बाकीचे श्रम वाचतात.

१. खंड जमिनीवर क्रमाने मांडून नकाशाशी ताडून पाहावेत. कण्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. पुन्हा बांधणी करताना बाइंडर चुकीचा आकडा छापतो. प्रत्येक खंडाचे शीर्षकपृष्ठ उघडावे.

२. एका खंडाची शेवटची नोंद आणि पुढच्या खंडाची पहिली नोंद जुळते का ते पाहावे. त्यांच्यामध्ये अक्षरांची फट पडली तर एक तर मधला भाग नाही किंवा शेवटची पाने गळलेली आहेत.

३. फर्मे तपासावेत. पुस्तक मोठ्या कागदावर छापून, घडी घालून, शिवून तयार होते. अशा एका घडीला फर्मा म्हणतात आणि तो बहुधा आठ किंवा सोळा पानांचा असतो. जुन्या मराठी ग्रंथांत पुष्कळदा फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, ग्रंथाच्या नावाचा संक्षेप आणि एक लहान आकडा छापलेला आढळतो. तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. पान १ वर १, पान १७ वर २, पान ३३ वर ३ असे ते आकडे सरळ चालले पाहिजेत. हे आकडे धरून पुढे गेले की हजार पानांचा खंड साठ-पासष्ट ठिकाणी पाहून तपासून होतो, पान न् पान उलटावे लागत नाही. फर्मा दोनदा बांधला गेला असेल, उलटा बसला असेल किंवा सबंध गळला असेल, तर तो इथेच पकडला जातो. आकडे छापलेले नसतील तर सोळा-सोळा पानांच्या टप्प्याने पृष्ठांक पाहावेत.

४. आरंभीची आणि शेवटची पाने पाहावीत. सर्वांत आधी फाटतात आणि हरवतात ती हीच, आणि संक्षेपसूची, शुद्धिपत्र, परिशिष्टे नेमकी इथेच असतात. संक्षेपसूचीशिवाय शब्दकोश अर्धा मुका होतो.

५. नकाशे आणि चित्रपत्रे मोजावीत. त्यांना पृष्ठांक नसल्यामुळे ती काढून घेतलेली असली तरी पानांच्या मोजणीत कळत नाही; चित्रांची यादी असेल तर तिच्याशी ताडावे.

६. कागद पाहावा. पानाचा कोपरा दुमडून मोडून पाहण्याची सवय वाईट आहे, त्याने पान तुटते. पान अलगद वाकवावे. ते सहज वाकून सरळ झाले तर ठीक, पण कडेपासून कुरकुर आवाज करीत ताठ राहिले तर तो कागद रोजच्या वापराला टिकणार नाही.

७. विजेरीने कण्याच्या आतली पोकळी आणि पुठ्ठ्याचे सांधे पाहावेत. बारीक गोल छिद्रे, पिठासारखा भुगा किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर खंड बाजूला ठेवावा. मातीची रेघ म्हणजे वाळवी. असा खंड घरी आणूच नये.

*सावधान:* ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि त्यावर ‘रद्द’ किंवा ‘बाद’ असा शेरा नसेल, तर तो खंड विक्रेत्याकडे कसा आला हे विचारावे. समाधान होईल असे उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये. तो कदाचित एखाद्या वाचनालयाच्या संचातला हरवलेला खंड असेल.

एखादा खंड कमी असलेला संच घ्यावा की नाही, याचा निर्णय त्या ग्रंथाच्या उपलब्धतेवर अवलंबून आहे. विश्वकोशासारख्या शासकीय प्रकाशनाचा सुटा खंड शासकीय ग्रंथागारात विचारून मिळण्याचा संभव असतो. ज्ञानकोशाच्या मूळ मुद्रणाचा सुटा विभाग मात्र वर्षानुवर्षे मिळत नाही. तिथे कमतरतेसह संच घेऊन शोध चालू ठेवणे शहाणपणाचे.

टप्पा ४: घरात, पण कपाटाबाहेर

आणलेले खंड थेट इतर पुस्तकांत मिसळू नयेत. वेगळ्या खोलीत पांढऱ्या कागदावर ते तीन आठवडे उभे ठेवावेत आणि दर चार-पाच दिवसांनी कागदावर नवा भुगा पडला आहे का ते पाहावे. कागद पांढराच हवा. वर्तमानपत्रावर भुगा दिसत नाही.

याच काळात सफाई उरकावी. खंड घट्ट मिटून धरावा, वरची कड मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने झाडावी आणि त्यानंतरच खंड उघडावा. आधी उघडून झाडले तर धूळ पानांच्या मुळाशी जाऊन बसते. ओले फडके कुठेही लावू नये.

पुस्तकांना ऊन देण्याची आपल्याकडची पद्धत इथे घातक ठरते. वैशाखाच्या उन्हात पुठ्ठे वाकतात, सरस सुटतो आणि जुना कागद आणखी ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर, खंड किंचित उघडे करून उभे ठेवणे पुरेसे आहे.

किडीची शंका असेल तर खंड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड अशा डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नये. एक पूर्ण दिवस तशीच ठेवावी, नाहीतर हवेतले बाष्प थंड कागदावर जमते. बुरशीवर हा उपाय चालत नाही. बुरशी आधी पूर्ण वाळू द्यावी आणि मगच नाकातोंडावर मास्क बांधून घराबाहेर ब्रशने झाडावी.

डांबराच्या गोळ्यांचा वास माणसालाही अपायकारक आहे, आणि वरचेवर उघडल्या जाणाऱ्या कपाटात त्यांचा उपयोग अगदी थोडा होतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर तो कडकडीत वाळलेला असावा. ओलसर पाला पुस्तकांत ओल नेतो.

टप्पा ५: दुरुस्ती आणि बांधणी

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि टेप गळून पडल्यावरही डाग राहतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरावी. ते जमत नसेल तर पान जसे आहे तसे पातळ कागदी पाकिटात जपावे.

खंड बाइंडरकडे द्यायचा झाल्यास सूचना तोंडी न देता चिठ्ठीवर लिहून द्याव्यात: कडा कापू नयेत, मूळ शिवण शाबूत असल्यास ती उसवू नये, मूळ मुखपृष्ठ आत बांधावे, जाहिरातींचीही पाने काढू नयेत, दोन खंड एकत्र बांधू नयेत. कडा कापण्याबद्दल विशेष दक्ष राहावे. बाइंडरला नीटस कड आवडते, आणि तो एक-दोन सूत कापतो तेव्हा समासातल्या पूर्वीच्या अभ्यासकाच्या टिपा अर्ध्या जातात.

टप्पा ६: जागा

आधी वजन करावे. मोठ्या आकाराचे हजार पानी खंड ओळीने लावले की तीन फुटांच्या फळीवर पस्तीस-चाळीस किलोंचा भार सहज येतो. भुशाच्या दाबीव फळ्या एवढ्या भाराने वर्षभरात झोल घेतात. अठरा-एकोणीस मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवुड घ्यावे आणि दोन आधारांमधले अंतर अडीच फुटांच्या आत ठेवावे.

शब्दकोश कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर आणि टेबलापासून दोन पावलांच्या आत असावा. स्टुलावर चढून काढावा लागणारा कोश उघडला जात नाही. संचाच्या पुढे एक खंड आडवा उघडा राहील एवढे मोकळे टेबल हवे. लाकडी तिवई किंवा उतरते बाक असेल तर कण्यावरचा ताणही वाचतो.

कोकण, गोवा आणि मुंबईत कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, मागे तीन-चार बोटांची फट ठेवावी. साधा आर्द्रतामापक आत ठेवून साठ टक्क्यांच्या वर काटा किती दिवस राहतो ते पाहावे; पासष्टच्या पुढे सतत राहिला तर बुरशी धरते. खंडांवर प्लॅस्टिकची वेष्टने घालू नयेत, ती ओल कोंडतात.

*पडताळा:* खंड काढताना बोट कण्याच्या वरच्या टोकाला घालावे लागत असेल तर ओळ फार घट्ट आहे. दोन्ही बाजूंचे खंड किंचित मागे सारून मधला खंड कण्याच्या मध्यावर धरता आला पाहिजे.

टप्पा ७: कोशात शिरण्याची तयारी

बहुतेक वाचक हा टप्पा गाळतात, आणि ‘कोशात शब्दच नाही’ अशी तक्रार करतात. शब्द असतो, तो आपण शोधतो त्या जागी नसतो.

प्रथम प्रस्तावना आणि ‘कोश कसा पाहावा’ अशा स्वरूपाच्या सूचना पूर्ण वाचाव्यात. मग एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पुढील शब्द लिहून प्रत्येक कोशात ते प्रत्यक्ष शोधावेत आणि कुठे सापडले ते लिहावे: ज्ञान, क्षमा, अंग, गाव, कवी, करणे, काळ. काही कोशांत ‘ज्ञ’ हा ‘ज’च्या पोटात असतो, काहींत वर्णमालेच्या शेवटी. ‘क्ष’चेही तसेच. ‘ळ’ काही ठिकाणी ‘ह’नंतर येतो, काही ठिकाणी ‘ल’च्या शेजारी. अनुस्वारयुक्त अक्षरे काही कोशांत त्या स्वराच्या आरंभी एकत्र येतात, तर काहींत अनुस्वार पुढच्या अनुनासिकाच्या जागी धरलेला असतो.

१९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे कोश वापरताना अनुच्चारित अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांची विशेष दखल घ्यावी. आपण ‘गाव’, ‘नाव’, ‘करणे’, ‘कवी’ लिहितो. तिथे ‘गांव’, ‘नांव’, ‘करणें’, ‘कवि’ अशी शीर्षके आहेत. अनुस्वार आधी लावणाऱ्या कोशात ‘गांव’ हा ‘गाई’च्याही आधी येतो, म्हणजे आपण ‘गाव’ म्हणून जिथे पाहतो त्याच्या कितीतरी पाने अलीकडे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही अक्षरे जुन्या कोशांत शोधूच नयेत.

यानंतर संक्षेपसूची. महाराष्ट्र शब्दकोशात बोली आणि ग्रंथ यांचे संक्षेप पानोपानी येतात; ‘व.’ म्हणजे वऱ्हाडी, ‘गो.’ म्हणजे गोव्याकडील, ‘ज्ञा.’ म्हणजे ज्ञानेश्वरी. त्या सूचीची छायाप्रत काढून टेबलाजवळ लावावी. दर वेळी पहिला खंड उघडण्याचा त्रास वाचतो.

शेवटचे काम कंटाळवाणे आहे, पण संच खऱ्या अर्थाने आपला होतो तो त्यानेच. शुद्धिपत्रातल्या दुरुस्त्या मूळ नोंदीशेजारी मऊ पेन्सिलीने उतरवाव्यात. पुरवणीत ज्या शब्दांवर अधिक मजकूर आहे, त्या मूळ नोंदींच्या समासात लहानसा ‘पु.’ लिहावा. रोज एक-दोन पाने करत गेले की काही महिन्यांत हे पुरे होते, आणि ते करताना कोश इतका वाचून होतो की पुढे शब्द कोणत्या खंडात आहे ते हाताला ठाऊक असते.

*सावधान:* समासात शाईचे पेन, फ्लुओरेसंट मार्कर किंवा चिकटपट्टीच्या खुणा वापरू नयेत. खुणेसाठी पातळ कागदाच्या पट्ट्या पुरतात. एकाच खंडात त्या फार झाल्या तर कण्यावर ताण येतो, म्हणून अधूनमधून काढून टाकाव्यात.

टप्पा ८: रोजचा वापर

शब्द अडला की आधी महाराष्ट्र शब्दकोश, मग मोल्सवर्थ, आणि शब्द जुना असेल तर तुळपुळे-फेल्डहाउस, असा क्रम ठेवावा. तिन्ही खंड उघडेच ठेवून अर्थांची तुलना करावी. पहिला मिटून दुसरा काढला तर पहिल्यातली छटा निसटते. नोंद संपली तरी खंड लगेच मिटू नये. त्याच स्तंभातल्या वरच्या आणि खालच्या दोन-दोन नोंदी वाचाव्यात, कारण एका धातूपासून निघालेले शब्द तिथे शेजारी भेटतात आणि आपल्या शब्दाचा उलगडा न झालेला अर्थ कधीकधी त्यांच्यातून लागतो.

पाहिलेल्या नोंदीसाठी वहीत शब्द, कोश, आवृत्ती, खंड, पान आणि स्तंभ लिहावेत. आवृत्ती लिहायला विसरू नये, पुनर्मुद्रणात पृष्ठांक बदलू शकतात. संगणकावरच्या शोधाने आधी पान शोधून मग छापील खंड उघडण्यातही काही गैर नाही.

ज्ञानकोश आणि विश्वकोश वाचताना प्रत्येक खंडाचे प्रकाशनवर्ष डोळ्यांसमोर ठेवावे. ज्ञानकोशातली लोकसंख्या, सीमा आणि संस्थानांची माहिती १९२० च्या दशकातली आहे; ती आजची म्हणून उद्धृत करू नये, पण त्या काळचे चित्र म्हणून तिला तोड नाही. विश्वकोशाचे खंड कित्येक दशके निघत राहिले. त्यामुळे एकाच संचातल्या दोन नोंदींत एका पिढीचे अंतर असू शकते.

सुटा खंड कोणालाही घरी नेऊ देऊ नये. हवी ती नोंद आपल्या टेबलावर बसून उतरून घ्यायला आनंदाने बोलवावे. दरवर्षी मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा सर्व खंड खाली काढून, कपाटाची मागची बाजू विजेरीने पाहून, फळ्या कोरड्या फडक्याने पुसून, नकाशाशी ताडत पुन्हा क्रमाने लावावेत.